मामूंचं लांब भिंग आणि ईदचा चाँद

गेल्या महिन्यात पुण्याहून एक तरुण आमच्या कराडच्या घरी आला. जुने कॅमेरे आणि भिंगं विकत घ्यायची, साफसूफ करून पुन्हा विकायची, हा त्याचा धंदा. कुणाकडून तरी त्याला कळलं होतं की मामूंच्या स्टुडिओतलं सामान आमच्याकडे आहे. मी लोखंडी ट्रंक उघडून दाखवली. फ्लॅश, स्टँड, डेव्हलपिंगच्या टाक्या यांकडे त्याने पाहिलंही नाही. तळाशी जुन्या चादरीत गुंडाळलेलं हातभर लांबीचं काळं भिंग त्याने बाळाला उचलावं तसं दोन्ही हातांनी उचललं.

"सर, हे मला द्या. अडॅप्टर लावला की आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसतं. नाहीच चाललं तर शोपीस म्हणून जातं. एका कॅफेवाल्याने असल्याच भिंगाचा टेबललॅम्प केलाय."

त्याने सांगितलेली रक्कम वाईट नव्हती. तरी मी नाही म्हणालो. तो गेल्यावर बायकोने विचारलं, "ठेवून करणार काय याचं?" तिला नीट उत्तर देता आलं नाही. ते इथे देतो आहे.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगतो. आपल्याकडच्या लग्नाच्या फोटोग्राफरकडे असायचा तो याशिका. वरून खाली पाहायचं, दोन डोळ्यांचा कॅमेरा, एकशेवीसचा रोल, बारा फोटो. फिल्म सहा सेंटिमीटर रुंद, म्हणून निगेटिव्ह मोठी आणि फोटो खणखणीत. यालाच मिडियम फॉरमॅट म्हणतात. पण याशिकाचं भिंग काढता येत नाही. लांबचं काढायचं तर भिंग बदलता येणारा कॅमेरा हवा. श्रीमंतांसाठी स्वीडनचा हॅसलब्लॅड होता. बाकीच्यांसाठी पूर्व जर्मनीचा पेंटॅकॉन सिक्स किंवा सोव्हिएत युनियनचा कीव्ह. त्या देशांशी आपला व्यापार रुपयांत चालायचा, त्यामुळे त्यांचा माल आपल्याकडे पोहोचायचा.

मामूंनी मुंबईत जुन्या बाजारात पेंटॅकॉन सिक्स घेतला आणि त्याच्यासोबत हे भिंग, गोर्लिट्झच्या मेयर-ऑप्टिक कारखान्याचं ओरेस्टेगॉर. नाभीय अंतर ५०० मिलिमीटर, छिद्र ५.६. आतली वाट जवळजवळ नऊ सेंटिमीटर रुंद आणि वजन तीन किलोहून अधिक. कॅमेरा भिंगाला लावावा लागतो, भिंग कॅमेऱ्याला नाही, असं मामू म्हणायचे.

लग्नाच्या फोटोग्राफरला हे कशाला? मामूंना ग्रहणाचं वेड होतं. १६ फेब्रुवारी १९८० ला खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कारवार-अंकोल्यावरून जाणार होता. कराडला खंडग्रासच दिसणार, म्हणून मामू कारवारला जायच्या तयारीत होते. पण स्टुडिओत ऑर्डर अडकली आणि जाणं झालं नाही. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण ही हळहळ मी लहानपणी इतक्यांदा ऐकली की ती माझीच वाटते. पुढे मामूंनी त्या भिंगाचा रोख चंद्राकडे वळवला.

वर्गात मी मुलांना एक हिशोब घालतो. भिंगाच्या नाभीय अंतराला साधारण ११० ने भागलं की फिल्मवर चंद्र केवढा उमटेल ते कळतं. याशिकाचं भिंग ८० मिलिमीटरचं, त्यात चंद्र खसखशीच्या दाण्याएवढाही येत नाही. मामूंच्या ५०० मध्ये साडेचार मिलिमीटर, म्हणजे मुगाचा दाणा. झाइस कंपनीने २००६ मध्ये एका ग्राहकासाठी हॅसलब्लॅडला बसणारं १७०० मिलिमीटरचं भिंग बनवलं, त्याचं वजन २५६ किलो. त्यात चंद्र छोट्या बोराएवढा होईल. मुलं हसतात. अडीचशे किलो लोखंड-काच आणि हाती एक बोर!

मग मी आपल्याकडची गोष्ट सांगतो. २२ जानेवारी १८९८ ला महाराष्ट्रातून खग्रास ग्रहणाचा पट्टा गेला. इंग्लंडचे नॉर्मन लॉकयर विजयदुर्ग किल्ल्यावर तळ देऊन होते. सोलापूर जिल्ह्यात, करमाळ्याजवळच्या जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला आपली दुर्बीण आणि उपकरणं घेऊन गेले. त्याच जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आले होते. त्यांच्या कॅमेऱ्याचं नाभीय अंतर होतं ४० फूट. काचेच्या प्लेटवर सूर्याची प्रतिमा ११ सेंटिमीटर, चांगली पुरीएवढी. आता नकाशावर विजयदुर्ग ते जेऊर पट्टी ठेवून रेघ ओढा. ती कराडजवळूनच जाते. मामू कारवारला जायला तळमळत होते, आणि त्याआधी ८२ वर्षं तोच भरदुपारचा काळोख त्यांच्या गावावरून गेला होता!

इथे एक कबुलीही देतो. हेलियमचा शोध लॉकयर यांनी १८६८ च्या ग्रहणात विजयदुर्गावरून लावला, असं मी बरीच वर्षं वर्गात सांगत होतो. कुठेतरी वाचलं होतं, अभिमान वाटला होता, सांगून टाकलं. प्रत्यक्षात १८६८ मध्ये लॉकयर हिंदुस्थानात नव्हते. सूर्याच्या प्रकाशातली ती पिवळी रेषा त्यांनी त्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून पाहिली. विजयदुर्गला ते आले १८९८ ला. म्हणजे मी मुलांपुढे अशा गोष्टीची साक्ष दिली होती जी तशी घडलीच नव्हती. शिक्षकाने अशी साक्ष दिली की ती तीस-चाळीस घरांत पोहोचते.

साक्ष. आपला शब्द शहादत. माझा मुद्दा या शब्दाचा आहे.

चाँद पाहून रोजे, चाँद पाहून ईद, हे आपल्या घराघरांत लहान पोरालाही ठाऊक असतं. आमच्या शेजारच्या आजी संकष्टीला पंचांगातली चंद्रोदयाची वेळ बघून ताट वाढून घेतात, तिथे वाद नसतो. आपल्याकडे मात्र २९ तारखेची संध्याकाळ म्हणजे मगरिबपासून इशापर्यंत नुसता गलबला. "चाँद दिख्या क्या?" पूर्वी गच्चीवरून गच्चीवर विचारायचे, आता व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात. आणि उत्तरादाखल फोटो येतात. काळ्या आभाळात धारदार कोर, कडेला खड्डेही स्पष्ट. ज्याला चंद्राचा फोटो काढायची थोडी तरी सवय आहे तो सांगेल, पहिल्या दिवसाची कोर अशी दिसत नाही. ती काळ्या आभाळात नसतेच. मावळतीच्या उजेडात, क्षितिजाच्या धुरकटीत, नखाने कागदावर ओरखडा काढावा तशी असते. पाहिली म्हणेपर्यंत हरवते.

मग फोनमधला चाँद येतो कुठून? काही फोटो सरळ जुने असतात. पण काहींची गोष्ट वेगळी आहे. मार्च २०२३ मध्ये एका वापरकर्त्याने संगणकाच्या पडद्यावर चंद्राचं मुद्दाम अंधुक केलेलं चित्र लावलं, खोलीत अंधार केला आणि नावाजलेल्या कंपनीच्या फोनने त्याचा फोटो काढला. फोनने जे खड्डे त्या चित्रात नव्हतेच ते काढून दिले. फोनला चंद्र कसा असतो ते शिकवलेलं आहे. त्याने पाहिलं थोडं, भरलं जास्त. एरवी याला माझी हरकत नाही. मुलीच्या वाढदिवसाचे फोटो मीही फोननेच काढतो. पण शहादत द्यायची वेळ आली की हा साक्षीदार चालणार नाही. जो न पाहिलेलं भरून सांगतो त्याची साक्ष गावातला साधा पंचसुद्धा धरणार नाही.

यावर कुणी म्हणेल, फिल्मसुद्धा खोटं बोलते. अगदी बरोबर, आणि याचा पुरावा माझ्या घरातच आहे. मामूंच्या स्टुडिओत दर्शनी भिंतीवर एक मोठा फोटो होता. कराडचे दोन उंच मनोरे आणि त्यांच्या मधोमध हा भला मोठा चाँद. लोक थांबून पाहायचे, ईदला त्याची छोटी कार्डं विकली जायची. मी सातवी-आठवीत असताना एकदा मामूंना विचारलं, "मामू, चाँद एवढा मोठा कसा?" ते हसले. आधी साध्या भिंगाने मनोरे काढले होते, मग रोल पुढे न सरकवता त्याच चौकटीवर लांब भिंगाने चंद्र घेतला होता. "और तो चाँद उत्तर की तरफ है," ते म्हणाले, "आजतक किसी ने पकड्या नईं."

मामूंना ठाऊक होतं की ते चित्र आहे, पुरावा नाही. विचारलं तर ते सांगायचे. ते खोटं करायला त्यांना दोन रात्री, दोन भिंगं आणि तीन किलोंचं ओझं लागलं होतं. आज फोन धरणाऱ्या पोराला आपण खोटं दाखवतो आहोत हे माहीतच नसतं. तो बिचारा प्रामाणिकपणे कसम खाईल. भिंग पाक असतं आणि फोन नापाक, असं मी म्हणत नाही. पाहणारा आणि दाखवणारा यांच्यामध्ये कुणी काय भरलं हे पाहणाऱ्याला कळलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे.

काही वर्षांपूर्वीची रमजानची २९ तारीख. शाळेतली चार-पाच मोठी मुलं आणि मी सदाशिवगडावर गेलो. भिंग माझ्या खांद्यावर, तिवई एका मुलाच्या. खाली सगळं कराड, कृष्णा-कोयनेचा संगम, डावीकडे आगाशिवचा डोंगर, समोर पश्चिमेला सह्याद्रीच्या रांगा. ऊसतोडीचा हंगाम संपत आलेला, फडांतल्या पाचटाचा धूर अजून हवेत होता. अजान झाली, खजूर तोंडात टाकला आणि मी डोळा घासलेल्या काचेवर लावला.

या भिंगातून आभाळाचा जेमतेम सहा अंशांचा तुकडा दिसतो. हात लांब करून मूठ धरली तर ती दहा अंशांची होते, म्हणजे मुठीहूनही कमी. त्यात या कॅमेऱ्याच्या काचेवर डावं-उजवं उलटं. डावीकडे जायचं म्हणून वळवावं तर चित्र भलतीकडे पळतं. वाऱ्याने भिंग हललं की डोंगर थरथरतो. फोटो काढताना आतला आरसा असा आपटतो की तिवईखाली वाळूची पिशवी टांगावी लागते. मामूंची युक्ती अशी, की भिंगासमोर काळा पुठ्ठा धरायचा, झडप उघडायची, थरथर थांबू द्यायची, मग पुठ्ठा क्षणभर बाजूला करून परत धरायचा. काढल्यावर आरसा वरच राहतो, रोल सरकवेपर्यंत डोळ्यांपुढे अंधार. या कॅमेऱ्याला घाई चालत नाही.

वीस मिनिटं मी पट्ट्यापट्ट्याने आभाळ चाळलं. ढगाचा एक लांबट पट्टा होता, खालची कड उजळलेली. तेवढ्यात एक मुलगा ओरडला, "सर, मिला!" त्याच्या फोनवर कोर होती. बारीक, वाकडी, लख्ख. त्याने ती पाठवूनही दिली होती. मी भिंग त्याच दिशेला वळवलं. तिथे ढगाची उजळ कड होती. फोनने लांबून ओढून तिला टोकं काढून दिली होती. मी मुलाला काचेत पाहायला सांगितलं. तो बराच वेळ पाहत राहिला आणि मग त्याचा चेहरा उतरला.

तोवर खाली गावात फोटो फिरला होता. माझा फोन वाजू लागला. मास्तर गडावर आहेत, त्यांच्याकडे मोठं भिंग आहे, म्हणजे पक्कं, असा सगळ्यांचा समज. कुणी शिरखुर्म्याचं सामान आणायला निघालेलं, कुणी शिंप्याच्या दुकानात. "मास्तर, एक बार हाँ बोल दो, खतम" असंही एकाने म्हटलं. खरं सांगतो, 'असेल' असं म्हणायचा मोह झाला. ढगामागे असेलही. त्या मुलाची फजिती टळली असती, गावाची ईद झाली असती आणि मी लोकांना हवा तो माणूस ठरलो असतो.

मग अब्बांचा फोन आला. त्यांना तेव्हा मोतीबिंदू झालेला. एकेकाळी मोहल्ल्यात सर्वांत आधी चाँद त्यांनाच दिसायचा. त्यांनी विचारलं, "तूने देख्या क्या?"

"नईं देख्या, अब्बा."

"तो वोइच बोल."

मी तेच बोललो. ज्याचा फोन येईल त्याला तेच सांगितलं. पाहिला नाही. 'नाहीच आहे' असंही म्हणालो नाही, कारण ते मला ठाऊक नव्हतं. रात्री बाहेरूनही साक्ष आली नाही, तीस रोजे पूर्ण झाले. दुसऱ्या दिवशी काहींनी माझ्याकडे पाहून तोंड फिरवलं. काढायचं मोजायचं तर मी त्या दिवशी उन्हाळ्याचा एक रोजा जास्त पदरात पाडून घेतला, तोही सगळ्यांसाठी!

डोळ्याने पाहायचं की दुर्बिणीने, गणित धरायचं की नाही, यावर उलमांची मतं वेगवेगळी आहेत. तो माझा प्रांत नाही. मी शिक्षक आहे, मला एवढंच कळतं की गणित, भिंग आणि डोळा एकमेकांचे वैरी नाहीत. दांजों या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात दाखवलं की सूर्य आणि चंद्र यांच्यात साधारण सात अंशांहून कमी कोन असेल तर कोर दिसतच नाही. चंद्र सूर्यापासून तासाला सुमारे अर्धा अंश दूर सरकतो. म्हणजे अमावास्येच्या क्षणानंतर चौदा-पंधरा तास उलटेपर्यंत कोर शोधण्यात अर्थ नसतो. एवढं आठवीच्या मुलाला समजतं. त्याला हे समजलं तर मावळतीला पाठवलेला प्रत्येक फोटो तो पुढे ढकलणार नाही.

इब्न अल-हैसमचं नाव आपण स्टेटसला लावतो. प्रकाश डोळ्यातून बाहेर जात नाही, वस्तूवरून डोळ्यात येतो, हे हजार वर्षांपूर्वी नीट मांडणारा तो आपला, असं अभिमानाने सांगतो. सांगावंच. पण त्याचा खरा धडा होता तपासून पाहण्याचा, ऐकलेलं तसंच न मानण्याचा. तो धडा स्टेटसने शिकवता येत नाही. त्यासाठी मुलाच्या हातात भिंग द्यावं लागतं आणि जिथे काहीच दिसत नाही तिथे वीस मिनिटं पाहायला लावावं लागतं.

एक गोष्ट मला अजून हलवून टाकते. मामूंच्या भिंगाएवढंच, ५०० मिलिमीटरचं झाइसचं भिंग १९७१ मध्ये अपोलो १५ सोबत चंद्रावर गेलं होतं. जिथे चालत पोहोचणं शक्य नव्हतं त्या डोंगरउतारांचे फोटो डेव्हिड स्कॉट यांनी हॅसलब्लॅडला ते लावून काढले. तिथे हवा नाही, धूर नाही, लांबचंही जवळच्याइतकंच लख्ख. आपल्याकडे क्षितिजाजवळ धूर, धूळ, तापलेली हवा, आणि लांब भिंग या सगळ्याला मोठं करून दाखवतं. सदाशिवगडावरून पाहणाऱ्याला स्कॉटपेक्षा अवघड काम आहे, असं मी मुलांना म्हणतो. त्यांना ते आवडतं.

तर ज्यांच्या घरात असं जुनं भिंग पडून असेल त्यांना माझी विनंती. कराड-सांगली-साताऱ्याच्या बंद पडलेल्या स्टुडिओंतून अशी काही नक्कीच निघतील. ते लॅम्पसाठी देऊ नका. चामड्याच्या पेटीत ठेवू नका, आपल्या पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि काचेवर बुरशीची जाळी धरते. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, महिन्यातून एकदा बाहेर काढा, उजेड लागू द्या. एकशेवीसचा रोल आता महाग आहे, उटीच्या सरकारी कारखान्याचा इंदू रोल तर इतिहासजमा झाला. रोल परवडत नसेल तर अडॅप्टर लावून डिजिटलवर वापरा, त्यात कमीपणा नाही. फक्त कॅमेऱ्याला न रंगवलेलं, कच्चं चित्र द्यायला सांगा. आणि सूर्याकडे कधीही, चुकूनही, या भिंगातून पाहू नका. सूर्य पुरता मावळल्यावरच डोळा लावा.

त्या संध्याकाळच्या रोलवरचे चार फोटो मी मामूंच्याच टाकीत धुतले. एका निगेटिव्हवर डोंगराची रेघ आहे, ढगाची कड आहे आणि बाकी काही नाही. ती मी पाकिटात जपून ठेवली आहे. त्या मुलाने मागितली तेव्हा त्याला तिचा एक प्रिंटही दिला. तो आता कॉलेजात आहे आणि २९ तारखेला त्याचाच मला फोन येतो, "सर, गडावर कधी निघायचं?"

पुढच्या २९ तारखेलाही आम्ही जाणार आहोत. ज्यांना यायचं त्यांनी यावं, मुसलमान असो वा नसो. खजूर आम्ही आणू. दिसला तर दिसला म्हणू. नाही दिसला तर तेच सांगून खाली उतरू.